पाण्याखालचं बेट

भिंतीच्या ओल्या प्लास्टरचा वास आला आणि लेकीनं शाळेसाठी करायला घेतलेलं ज्वालामुखीचं बेट आठवलं. तेव्हा प्रताप नगरच्या घराच्या गच्चीवर, सकाळच्या उन्हात, मी टबात पातळ प्लास्टर नुसता ओतत सुटलो होतो. “बाबा, लाव्हा पसरून थिजला की त्यावर दुसरा थर, तेव्हा कुठं ढालीसारखा डोंगर समुद्रातून वर येते. तुम्ही थिजूच देऊन नाही राहिले!” लेक रडकुंडीला आली. “काहून एवढी घाई हो?” बायको म्हणाली. सगळं वाहून सपाट झालं. पाणी भरलं तर बेट चार बोटं खालीच, आणि दारात शाळेचा ऑटो हॉर्न वाजवत होता. लेकीनं डोळे पुसून टबावर चिठ्ठी चिकटवली: ‘बेट अजून वाढत आहे. बाबांनी घाई करू नये.’ आज भिंतीचा पहिला थर ओला असतानाच कारागिराला म्हटलं, “दुसरा हात मार ना गा लवकर!” तर आतून बायकोनं तीच चिठ्ठी मोठ्यानं म्हणून दाखवली.