चिमूट जमली: नौपाडा ते मोहने, एकटीने

मोहन्याला कोणी फिरायला जात नाही. तिथे लेणी नाहीत, धबधबा नाही, आणि फोटो काढायला कठडा बांधलेली जागाही नाही. कल्याणच्या पलीकडे, बंद पडलेल्या जुन्या रेयॉन कारखान्याच्या आजूबाजूला वसलेली वस्ती आहे ती. मी तिथे गेले ती भांडायला. प्रवासाचं हे कारण पर्यटनाच्या पुस्तकांत सापडत नाही, पण माझ्या वयाच्या बायकांनी ते जरूर वापरून पाहावं.

आधी पार्श्वभूमी. चौसष्टाव्या वर्षी मी गाडी शिकले. नवऱ्याला काचबिंदू निघाला, डॉक्टरांनी त्याचं ड्रायव्हिंग बंद केलं आणि आमची गाडी पार्किंगमधल्या कबुतरांच्या मालकीची झाली. मुलगा म्हणाला, विकून टाका, रिक्षा आहेत की. रिक्षा आहेत हे खरं, पण ठाण्यात, आमच्या नौपाड्यात, त्या थांबतात कुठे? जवळचं भाडं ऐकलं की रिक्षावाल्याला एकदम पलीकडचं झाड दिसू लागतं. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले. तिथला माणूस म्हणाला, "आजी, या वयात कशाला त्रास घेताय?" मी म्हटलं, "फी याच वयाची चालते ना?" त्यानंतर तो नीट शिकवू लागला. आमच्या गाडीच्या मागच्या काचेवर त्याने लाल रेडियमच्या दोन पट्ट्या चिकटवून एल तयार केला. लायसन मिळाल्यावरही तो तसाच राहिला, कारण नवऱ्याचं म्हणणं, एल बघून लोक जरा लांब राहतात.

मग एका सकाळी मी कोणालाही शेजारी न बसवता नौपाड्यातून तलावपाळीपर्यंत गेले आणि तळ्याला वळसा घालून परत आले. घरी येऊन आमच्या शाळेच्या ग्रुपवर ते सविस्तर लिहिलं.

या ग्रुपचं नाव आहे 'आय कॅन'. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टरचा दर सोमवारचा नियम होता: गेल्या सोमवारी जे येत नव्हतं आणि आता येतं, ते ज्या मुलीकडे असेल तिने उभं राहून 'आय कॅन' म्हणून सांगायचं. बुटाची नाडी बांधता येणं चालायचं, पोळी लाटणंही चालायचं. मग सगळ्या वर्गाने तीन टाळ्या वाजवायच्या. तीनच. चौथी वाजवणारीकडे सिस्टर अशी बघायची की हात आपोआप मांडीवर जायचे.

आता त्याच मुली आजी झाल्या आहेत. माझ्या बातमीवर एकीने जोडलेले हात पाठवले, दुसरीने अंगठा, तिसरीने गुलाब, चौथीने हळदीच्या दुधाचे फायदे. आणि सगळ्यांच्या खाली पुष्पाचा मेसेज: "चिमूट जमली."

दोन शब्द आणि पूर्णविराम. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. म्हणजे काय, तर तलावपाळीला जाऊन आलीस, म्हणजे चिमूटभर जमलं तुला. पुष्पाला असं बोलायची सवय पहिलीपासूनच होती. वक्तृत्वात मी पहिली आले तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली होती, "येणारच. गळा केवढा आहे." गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. मी हॉस्पिटलमध्ये भेटून आले होते. पुढे फोनवर बोलणं व्हायचं, आणि सगळ्यात आधी तिची जीभ बरी झाली होती याबद्दल मला शंका नव्हती.

मी ठरवलं, रविवारी गाडी तिच्या दारात नेऊन उभी करायची आणि विचारायचं: आता बोल, चिमूट की ओंजळ?

शनिवारी पेढे आणले. आपल्याकडे ज्याचं काही चांगलं होतं त्यानेच पेढे वाटायचे असतात. पद्धत जरा उलटी आहे, पण त्यामुळे निदान माणसाला समोर जावं लागतं. अंगठ्याला पेढा भरवता येत नाही.

रविवारी उजाडताच निघाले. कोणाला या रस्त्याने जायचं असेल तर उजाडतानाच निघा, नंतर कंटेनर निघतात. नवरा खाली सोडायला आला. एरवी तो शेजारी बसून हवेत ब्रेक मारतो, आज त्याचे पाय जमिनीवर होते आणि तोंड पडलेलं. "अहो, फोन करीन," मी म्हटलं. "गाडी चालवताना नको करूस," तो म्हणाला.

कळव्याचा खाडीपूल, खारेगाव आणि मग मुंब्रा बायपास. उजवीकडे पारसिकचा डोंगर, डावीकडे खाली वस्ती आणि त्यापलीकडे सकाळच्या उन्हात खाडी. इतकी वर्षं या रस्त्याने मागच्या सीटवर बसून गेले, पण खाडी कधी दिसली नव्हती. दिसायचा तो पुढच्या सीटचा पाठीचा भाग. स्टिअरिंग हातात असल्यावर खाडीकडे बघता येत नाही हेही तितकंच खरं, तरी मी एकदा चोरून पाहिलं.

शीळफाट्याला गाडी बंद पडली. बंद पडली म्हणजे मी पाडली, क्लच घाईने सोडला. मागून हॉर्नचा असा कल्लोळ झाला की जणू मी त्यांच्या लग्नाच्या वरातीत आडवी आले होते. हातात शिटी घेतलेला ट्रॅफिक वॉर्डन काचेशी आला.

"मावशी, एल लावलाय, मग शीळफाट्याला कशाला आणलीत गाडी? मैदानात चालवा ना."

"मैदानात माझी मैत्रीण राहत नाही," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या ट्रेलरकडे, आणि मधोमध उभं राहून दोन्ही हात पसरले. "आरामात घ्या. कोण येत नाही. मी उभा आहे." आख्खा शीळफाटा माझ्यासाठी थांबला. दुसऱ्या प्रयत्नात गाडी सुरू झाली. त्या मुलाचं नाव विचारायला मला उसंत नव्हती, पण कल्याणच्या रस्त्याला लागल्यावर मी एकटीनेच मोठ्याने त्याला थँक यू म्हटलं.

कल्याण-शीळ रस्त्याबद्दल फार न बोललेलं बरं. मेट्रोचे खांब, पत्रे, आणि पत्रे संपतात तिथे खड्डे. खड्डा दिसला तर दुसऱ्या गिअरवर या, आणि ज्यांनी रस्ता केला त्यांच्याबद्दल जे म्हणायचं ते काच वर करून म्हणा. मानपाड्याला वळून मी डोंबिवलीत उज्वलाकडे थांबले. जोडलेले हात हिनेच पाठवले होते. गाडी लावायला जागा शोधण्यात ठाण्याहून येण्याइतकाच घाम गेला.

उज्वला गाऊनवर ओढणी टाकून खाली आली. गाडीभोवती फिरली, मागच्या सीटवर वाकून पाहिलं.

"ड्रायव्हर कुठे लपवलायस?"

"समोर उभी आहे."

"अगं बाई. खरंच आलीस की गं तू." आणि तिने रस्त्यातच मला मिठी मारली. दूधवाला सायकल धरून आमची मिठी सुटण्याची वाट बघत राहिला.

वर पोहे खाताना मी विचारलं, हे एवढं कौतुक वाटतंय तर त्या दिवशी नुसते हात का जोडलेस? ती जराही ओशाळली नाही. "अगं, ते आपोआप होतं. वाचायच्या आधीच बोट तिथे जातं."

"आणि पुष्पा?"

"ती तशीच. तिला म्हणावं, चिमूट नाही, पोतंभर आलेय." तिने डब्यात पोहे भरून दिले आणि गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत हात हलवत राहिली. आरशात दिसत होती.

पुढे पत्रीपूल, कल्याण, शहाड. शहाडनंतर मी विचारत विचारत गेले, कारण फोनमधली बाई इंग्रजीत 'मोहोन' म्हणत होती आणि मला ते सहन होईना. कारखान्याची लांबच लांब भिंत लागली. पुष्पाचा नवरा आयुष्यभर तिथे होता. भिंतीवर आता गवत उगवलंय. तिच्या गल्लीत गाडी कशीबशी लावली आणि पेढ्यांचा पुडा शस्त्रासारखा धरून बेल वाजवली.

दार तिच्या सुनेने, स्नेहलने उघडलं. बाहेरच्या खोलीत बुद्धाच्या मूर्तीसमोर ताजी मोगऱ्याची फुलं होती. टेबलाशी पुष्पा बसली होती, समोर ताटात कोरडा राजमा. मी चप्पल काढता काढताच सुरू केलं.

"चिमूट काय गं? बाहेर येऊन बघ, ठाण्याहून आलेय, एकटी. शीळफाट्यावरून."

पुष्पाने मान वर केली. "कसली चिमूट?"

"तूच लिहिलंस ना? माझ्या गाडीच्या मेसेजखाली."

"कुठली गाडी? तुझे मेसेज मी वाचत नाही. निबंध असतो." मग तिचा चेहरा बदलला. "तुला वाटलं, ते तुला होतं?"

स्नेहल हसायला लागली. "काकू, ती आईंची चिमूट होती."

पुष्पाने उजवा हात ताटावर नेला. बोटं थरथरत होती. अंगठा आणि पहिलं बोट हळूहळू एकमेकांकडे आलं, मध्ये राजम्याचा एक दाणा अडकला, तो वर आला, आणि शेजारच्या वाटीत टक्कन पडला.

"वर्षभर डाव्या हाताने मीठ घालत होते," ती म्हणाली. "कधी अळणी, कधी खारट. घरातले गुपचूप खायचे. त्या दिवशी उजव्या हाताने आमटीत मीठ टाकलं. बरोबर पडलं. त्याच हाताने तुम्हाला लिहिलं. दोन शब्दांत हात गळून गेला. तर सगळ्यांनी मला हात जोडले. मी काय गेले की काय?"

मी खुर्ची ओढून बसले. त्या दिवशी मी तिला काहीच पाठवलं नव्हतं, ते तिने बोलून दाखवलं नाही. पुष्पाने बोलून न दाखवलेली बहुधा ती पहिलीच गोष्ट.

"उभी राहा," मी म्हटलं.

"काय?"

"आज सोमवार नाही, पण उभी राहा."

तिला लगेच कळलं. टेबलाची कड धरून, स्नेहलचा हात झटकून ती उभी राहिली. "आय कॅन," ती म्हणाली, आणि पुढचा शब्द शोधू लागली. "चिमटीला काय म्हणतात गं?"

"पिंच."

"आय कॅन पिंच."

मी तीन टाळ्या वाजवल्या. स्नेहलने चौथी वाजवली, आम्ही दोघींनी तिच्याकडे पाहिलं.

"आता तू," पुष्पा म्हणाली. मीही उभी राहिले. "आय कॅन ड्राइव्ह टु मोहने." तिने उजवा तळवा टेबलावर उताणा ठेवला आणि त्यावर डाव्या हाताने तीनदा मारलं.

जेवायला आमटी-भात होता. मीठ तिने घातलं, आम्ही सगळे वाट बघत बसलो. बरोबर होतं. पेढा तिने मला भरवला आणि मी तिला, म्हणजे नक्की कोणाच्या यशाचा हे ठरवायची गरज उरली नाही.

निघताना ती काठी टेकत गाडीपर्यंत आली. "लायसन मिळालंय ना? मग हे काय लावलंयस?" म्हणत मागच्या काचेशी वाकली. एलच्या आडव्या पट्टीचं टोक तिने नखाने उचकटलं, चिमटीत धरलं आणि ओढू लागली. सुटलं. पुन्हा धरलं. स्नेहल पुढे झाली तर तिने तिला डोळ्यांनीच बाजूला केलं. गल्लीतली दोन माणसं थांबली. ऊन होतं, मला वाटत होतं म्हणावं की राहू दे, पण मी हात मागे बांधून उभी राहिले. शेवटी पट्टी निघाली. पुष्पाने ती माझ्या हातात ठेवली आणि घाम पुसला.

"उभी पट्टी पुढच्या वेळी. येशील ना?"

"येते."

संध्याकाळी नौपाड्यात पोचले. पाचशेच्या पेट्रोलमध्ये सगळं भागलं, वर थोडं शिल्लक राहिलं. नवरा खालीच उभा होता. डोळे बारीक करून मागची काच बघत म्हणाला, "एल मोडला की काय?" मी म्हटलं, "नाही, आता तो आय आहे." एल आतून उलटा दिसायचा. आय दोन्हीकडून सारखा दिसतो.

मी चहाचं आधण ठेवलं, तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपवर पुष्पा: "पट्टी निघाली." खाली लगेच जोडलेले हात आले, आणि एक गुलाब. मी लिहिलं, "टाळी टाळी टाळी. हात जोडू नका, बाई ठणठणीत आहे. कसली पट्टी ते विचारा."

थोड्या वेळाने उज्वलाने विचारलं, "पुष्पा, कसली गं?"

पुष्पाच्या नावाखाली 'टायपिंग' असं दिसू लागलं. ते जाईना. उजव्या हाताने वेळ लागतो. मी गॅस बारीक केला आणि फोन हातात धरून उभी राहिले.