जनकोजींनी निवडलेला दिवस

चेन्नईत गिंडीच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात जनकोजी स्टोअर्स सांभाळतात आणि मी हिशेब. दोघेही पुढल्या वर्षी निवृत्त होणार. जनकोजी तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले, राहायला तांबरमला. कोणता वॉशर कोणत्या खणात आहे, हे ते रजिस्टर न उघडता सांगतात.

चेन्नईतल्या आमच्या मराठी मंडळाचे ते चोवीस वर्षांचे सभासद. या चोवीस वर्षांत प्रत्येक कार्यक्रमाच्या खुर्च्या त्यांनी आपणहून मांडल्या, पण समितीने त्यांना नेमून दिलेले काम एकही नाही. कारण कुणी उघड बोलत नसे. त्यांची मराठी दोनशे वर्षांपूर्वीची आणि बोलण्याची चाल तमिळ. ते तोंड उघडत तेव्हा आमची मंडळी हसत. प्रेमाने, पण हसत. जनकोजीही हसत. एकदा मात्र डबा खाताना मला म्हणाले, "साहेब, मंडळांत मी अजून पाहुणाच की हो."

म्हणून २००५ च्या दिवाळीनंतर लक्षद्वीपच्या जहाजाची सहल ठरली आणि दुसरे कुणी तयार होईना, तेव्हा सेक्रेटरी वसंतरावांनी सगळी व्यवस्था जनकोजींवर सोपवली, याचा मला फार आनंद झाला. त्यांनी परवाने काढले, कोचीपर्यंतची रेल्वे, जहाजावरच्या केबिनी, अठरा माणसांची यादी, सगळे चोख केले. तारीखही त्यांनीच निवडली. सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला जोडून निघायचे, शनिवारी जहाजावर चढायचे आणि रविवारचा पूर्ण दिवस कल्पेनी बेटावर.

रविवारी सकाळी जहाज बेटापासून थोडे दूर नांगरून उभे राहिले. पुढे हिरवट निळे, उथळ पाणी आणि त्यापलीकडे माडांची रांग. न्यायला आलेल्या लहान होड्या खाली हिंदकळत होत्या. आमच्या प्रमोदिनीकाकू, वय एकाहत्तर, मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ; त्यांच्याआधी कुणी पुढे होत नाही. एकादशी कधी आहे हे पाहायला त्यांनी पर्समधले छोटे कॅलेंडर काढले आणि त्या थबकल्या.

"वसंता, अरे आज अमावास्या! अमावास्येला होडीत बसायचं? दिवस ठरवला कुणी हा?"

जनकोजी उजळलेल्या चेहऱ्याने पुढे झाले. त्यांना वाटले, शाबासकी मिळणार.

"मीच ठरविलों, काकू. तै महिन्याची अमावास्या! वर्षांत याहून चांगला दिवस नाहीं. मुद्दाम पाहून घेतलों."

तै हा तमिळ महिना, आणि तमिळ मुलुखात अमावास्येला दुकान उघडतात, गाडी घेतात, नवे काम हाती धरतात. जनकोजींच्या घरीही तेच. आमच्याकडे त्या दिवशी कुणी गावाला निघत नाही, हे त्यांच्या डोक्यातही आले नव्हते.

"अहो जनकोजी," वसंतराव कपाळाला हात लावून म्हणाले, "चोवीस वर्षांत एक काम दिलं तुम्हाला!"

जनकोजींचा चेहरा पडला. काकू डेकवरच्या खुर्चीत बसल्या. "तुम्ही जा सगळे. मी इथेच जप करते." त्या बसल्या तशा आणखी चौघी बसल्या, मग त्यांचे नवरेही. खालून होडीवाला हाका मारू लागला. अर्धी सहल जहाजावरच राहणार, आणि त्याचे खापर जन्मभर एकाच डोक्यावर फुटणार, हे मला दिसत होते.

"चूक माझी," जनकोजी हळूच म्हणाले. "मीही येथेंच राहतों."

"राहा!" त्यांच्या पत्नी सरोजा फटकन म्हणाल्या. "मी जातें. सासूबाईंच्या आजारपणांत सतरा वर्षें शेजारचें पल्लावरमसुद्धां पाहिलें नाहीं. हें बेट मी सोडणार नाहीं."

काकूंनी मान वर केली. "काय हो जनकोजी, अमावास्येला आणखी काय काय केलंत आयुष्यात?"

जनकोजींनी स्टॉक सांगावा तसे सांगितले. "नोकरीला लागलों. तांबरमच्या घराचा पाया घातलों. स्कूटर घेतलों. आमचें लग्न ठरलें तेंही."

"आणि सगळं नीट झालं?"

"लग्न सोडून," सरोजा म्हणाल्या.

काकू इतक्या हसल्या की त्यांना कठडा धरावा लागला. "स्कूटर चालते अजून?"

"चालते, काकू."

"मग चला. पण आधी तुम्ही उतरा आणि मला हात द्या. बुडाले तर तुमच्याच नावाने बोंब मारीन."

जनकोजींनी हात दिला. होडी एकदा जोरात कलली. काकूंनी डोळे मिटले, जनकोजींनीही. पण पाच मिनिटांत आम्ही पांढऱ्या वाळूवर होतो.

उरलेला दिवस कसा गेला ते कळलेच नाही. कंबरभर पाण्यात पायाची नखे दिसत होती आणि मासे पोटऱ्यांना हुंगून जात होते. तळाला काच असलेल्या होडीतून सरोजा फिरून आल्या आणि म्हणाल्या, "टी. नगरच्या साड्यांच्या दुकानांत इतके रंग नाहींत!" माडांखाली जेवण झाले. वसंतराव बनियनवर वाळूत घोरले. काकू साडीसकट पाण्यात बसल्या, त्या बसल्याच. जनकोजी मात्र पँट दुमडून प्रत्येकापाशी जात होते. "बरें आहे ना? शहाळें पाहिजे? ऊन लागतें का?" मी दोनदा म्हटले, "बसा हो जरा." पण त्यांना काही टेकवेना.

चार वाजता परतीची होडी लागली. सगळे उठले, काकू सोडून.

"जनकोजी, त्याला सांगा दहा मिनिटं थांबायला."

सवयीने जनकोजी वसंतरावांकडे वळले. दहा मिनिटे ऐकताच वसंतराव पाण्यात उताणे पडले होते. त्यांनी डोळे उघडण्याचीही तसदी घेतली नाही. "मला काय विचारता? सहल तुमची आहे."

जनकोजी तरातरा होडीपाशी गेले. तमिळ आणि मल्याळममध्ये बराच खल झाला. शेवटी आठ मिनिटांवर तोड निघाली. ते परत आले, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि त्या दिवसात पहिल्यांदाच बसले. काकूंच्या शेजारी, पँटसकट, गळ्याइतक्या पाण्यात.