झुंबार देशाची गाणी

एका अख्ख्या देशाचं संगीत माझ्या आत्याच्या यजमानांच्या, म्हणजे आमच्या काकांच्या गळ्यात होतं, आणि तो देश काढलाही त्यांनीच होता. झुंबार त्याचं नाव. कर्जत स्टेशनात तिकीट-खिडकीवर बसल्या बसल्या त्यांनी त्याला डोंगर दिले, खोरी दिली आणि प्रसंगागणिक एकेक गाणं दिलं. शेजारी मीठ मागायला जायचं गाणं, झोपलेल्या जावयाला उठवायचं गाणं, नवरा-बायकोचं भांडण मिटवायचं गाणं. "आधी भांडायला तरी वेळेवर घरी या," आत्या म्हणायची. भिसेगावात त्यांच्याकडे चहाला गेलेल्या माणसाला झुंबारचं एखादं गाणं शिकल्याशिवाय सुटका नसे.

एकदा गणपतीत त्यांनी झुंबारवर नाटकच बसवलं. चौक गावचे पेटीमास्तर चाली लिहून घ्यायला बसले, तर काकांनी त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "मास्तर, तिकडं गाणं लिहीत नाय. तोंडातून कानात जातं, बस्स!" मास्तर रडकुंडीला आले, कारण काका रोज निराळं गायचे. "काल असं नव्हतं हो," म्हटलं की शांतपणे सांगायचे, "काल वरच्या खोऱ्यातलं होतं. हे खालच्यातलं."

नेमका प्रयोगाच्या दिवशी काकांचा आवाज बसला. घशातून नुसती हवा. सगळी गाणी पडद्याआडून तेच म्हणणार होते. मंडळी एकमेकांची तोंडं बघत असताना आत्या पदर खोचून विंगेत उभी राहिली. ज्या गाण्यांना ती इतकी वर्षं नावं ठेवत आली होती, ती एकूणएक तिने म्हटली. भांडणाच्या गाण्याला तर वन्समोर मिळाला.

काकांचा आवाज मात्र परत आला नाही. मुंबईला घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, गळा गेला. पेटीमास्तर कोरे कागद घेऊनच भेटायला आले. "काका, आता तरी लिहून ठेवू या. नायतर सगळं जाईल." आम्हालाही तेच वाटत होतं. काकांनी कागद बाजूला सारले, आत्याचा हात धरून तिला मास्तरांसमोर बसवलं आणि स्वतः मांडीवर ठेका धरला.

आत्या गाऊ लागली. एका जागी सूर वर न्यायचा, तिथे ती खाली उतरली. तिला अडवायला काकांनी तोंड उघडलं. मग मिटलं. ठेका क्षणभर थांबला, आणि ती जिथे उतरली होती तिथूनच त्यांनी तो पुन्हा धरला.