हे डोकं माझ्या हातचं नाही

गेला त्या दिवशी सकाळीसुद्धा काकाने वॉर्डबॉयच्या डोक्याला नावं ठेवलीच. "डाव्या कानावर जास्त घेतलंय रे. कोणाकडे जातोस?" तो बिचारा सलाइन बदलत होता, हसला नुसता. ताई म्हणाली, "बाबा, गप पडा आता." दुपारी काकाचा डोळा लागला तो लागलाच. हात ताईच्या हातात होता, तरी कधी गेला ते तिला कळलं नाही.

काकाचं केस कापायचं दुकान, शिंप्याच्या दुकानाला लागून. दोन खुर्च्या. एकीमागे काका, दुसरीमागे त्याची लेक, आमची ताई. मुलगी कात्री धरते म्हणून लोकांनी आधी नाकं मुरडली, मग तिच्याच खुर्चीसाठी थांबायला लागले.

मग ती साथ आली आणि सगळं बंद. केस कापणाऱ्यांना तर सगळ्यात आधी बंद केलं, तोंडाजवळचं काम ना. काकाने शटर ओढलं ते ओढलंच. ओळखीचे लोक म्हणायचे, "घरी येऊन कापून जा, कोणाला कळतंय?" काका म्हणायचा, "मला कळतंय ना." इकडे घरातले डबे वाजायला लागले, आणि दुकानाचा मालक रोज टुमणं लावायचा, भाडं द्या नाहीतर खाली करा. तेवढ्यात सरकारने छोट्या दुकानदारांना मदत द्यायचं काढलं. ताईने मोबाइलवरून अर्ज केला. अट अशी, की बंदीत चोरून धंदा केलेला नको.

आणि कोणीतरी चुगली केली, हा घरोघर जाऊन कापतो म्हणून.

तपासायला साहेब आले. तोंडावर मास्क, लांबच उभे. गल्ली दारात आली. सगळ्यांच्या झिपऱ्या डोळ्यांवर, एकट्या शिंप्याचं डोकं तेवढं कापलेलं. साहेबांनी बोट केलं, "मग हे काय?"

ताईला वाटलं, गेली मदत, गेलं दुकान.

काकाने लांबूनच शिंप्याभोवती एक चक्कर मारली आणि असा तापला! "साहेब, हे माझ्या हातचं वाटतं तुम्हाला? नका देऊ मदत, जाऊ दे दुकान. पण हे डोकं माझ्या नावावर घालू नका!"

"बाबा!" ताईने बाही ओढली.

"तू थांब गं. बघ ना, मागे पायऱ्या पडल्यात पायऱ्या!"

शिंपी मान खाली घालून म्हणाला, "मीच कापलं. कापडाच्या कात्रीने."

"मी सांगत होते," त्याची बायको आतून ओरडली, "आधी खडूने आखून घ्या म्हणून!"

गल्ली खो खो हसली. साहेब मास्कच्या आत हसत होते, खांदे हलत होते नुसते. म्हणाले, "असली डोकी हल्ली घरोघर बघतोय मी." कागदावर काहीतरी लिहिलं आणि गेले.

मदत आली. भाडं चुकतं झालं, दुकान राहिलं. खरं बोलायचं तर त्या पैशाने तारलं आम्हाला, नाही कशाला म्हणू. पण ताईला विचाराल तर ती मदतीचं नाही सांगत, काका तापला ते सांगते. पोटावर पाय येत होता तरी माणूस कसा ताठ उभा होता! दुकान उघडलं तेव्हा काकाने शिंप्यालाच ओढून आधी खुर्चीत बसवलं. "पैसे नकोत तुझे. मला बघवत नाही म्हणून करतोय."

आता काका नाही. ताईने परवा दुकान उघडलं. डोळे सुजलेले, पण उघडलं. एक अनोळखी गिऱ्हाईक आलं, बसलं. आरशात तिचं तोंड बघून त्या माणसाला कसंतरी झालं असावं. अर्ध्यातच उठायला लागला. "राहू द्या बाई, एवढं पुरे. मागचं कोण बघतंय?"

ताईने त्याच्या खांद्यावर हात ठेवून परत खाली बसवला.

"मान खाली घ्या," म्हणाली.