वरातीतला रॅगटाइम

ताई, २०१० मध्ये मी सिंगापूरला निघालो त्या सकाळी आपले नाना बँडबरोबर वरातीच्या सुपारीवर होते. दोन वरातींमधल्या वेळात, लाल कोटातच, काखेत ट्रम्पेट घेऊन ते नाशिकच्या स्टँडवर धावत आले. माझ्यासोबत कंपनीतले दोघं होते. एकाने विचारलं, "कोण रे?" मी म्हणालो, "ओळखीचे आहेत." नानांनी ते ऐकलं का, मला अजून माहीत नाही. "पोचलास की कळव," म्हणाले आणि घाईघाईने परत गेले.

इथे तुआसच्या गोदीत नोकरी, एम्प्लॉयमेंट पास, पुढे कायम राहण्याचा पीआर, कॉन्डोतला फ्लॅट. प्राची लेकीला, इराला घेऊन वर्षभराने आली. इथल्या मराठी मंडळात कुणी विचारलं की मी सांगायचो, वडील संगीत शिक्षक आहेत. पुढे ते खोटं आहे हे मीच विसरत चाललो होतो.

२०१६ मध्ये नाना पहिल्यांदा इकडे आले. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ट्रम्पेटच्या तोंडात नॅपकिन कोंबून वाजवायचे. इरा तेव्हा दहा वर्षांची. तिला शाळेत जॅझ कसा सुरू झाला यावर प्रोजेक्ट होतं. मी इंटरनेट उघडून देत होतो, तोवर नानांनी जेवणाच्या टेबलावर ताल धरला. डावा हात कवायतीसारखा एक-दोन, एक-दोन. उजवा मधेच हुकल्यासारखा, अलीकडे-पलीकडे पडणारा. "हा रॅगटाइम. पियानोवरचा. जॅझ यातूनच निघाला," ते म्हणाले. तरुणपणी त्यांच्या गोवेकर मास्तरांनी तो शिकवला होता आणि नाना तो चक्क वरातीत घुसडायचे. मग त्यांनी अमेरिकेतल्या एका जुन्या कॉर्नेटवाल्याची, म्हणजे छोटा ट्रम्पेट वाजवणाऱ्याची, गोष्ट सांगितली. रॅगटाइमला त्याने रस्त्यावरच्या बँडचा दम दिला. त्याचा आवाज म्हणे नदीपलीकडे जायचा. पण ऐन तारुण्यात डोकं फिरलं, उरलेला जन्म वेड्यांच्या इस्पितळात गेला. एकही रेकॉर्ड मागे नाही.

"आजोबा, यू मस्ट कम टू माय क्लास, लाह!" इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. वर्गाच्या बाईंनीही होकार कळवला.

त्या वर्गात आमच्या मंडळातल्या दोन घरांतली मुलं होती; आजोबा वरातीत वाजवतात हे त्यांच्या घरी कळलं असतं. रात्रभर मला तेवढंच दिसत राहिलं. सकाळी नाना इस्त्रीचा शर्ट घालून, ट्रम्पेटला तेल देऊन सोफ्यावर बसले होते. मी बाईंना फोन करून सांगितलं की त्यांची तब्येत बरी नाही. नानांना म्हणालो, "कार्यक्रम रद्द झाला."

दुपारी इरा घरी आली. "आजोबा, व्हाय यू नेव्हर कम? एव्हरीबडी वेट फॉर यू!"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा ग्लास उचलला. मग त्यांनी तिला जवळ ओढलं. "अगं, ओठ फुटला होता माझा. वाजवता येईना." तिने त्यांचा ओठ निरखून पाहिला. तो चांगला धड होता.

आठवड्याने ते परत गेले. मला एका शब्दाने बोलले नाहीत.

पुढचं तुला माहीतच आहे. वर्षभरात त्यांच्या तोंडावरून वारं गेलं. अर्धा ओठ मिटेना, फुंक धरेना. तू फोनवर सांगत होतीस तेव्हा मी गोदीत कामावर उभा होतो. "हां, हां" एवढंच म्हणालो.

गेल्या महिन्यात मी इराला सगळं सांगितलं. आता तेरा वर्षांची आहे ती. चिडेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "आजोबांना माहितीये?"

"त्याच दिवशी कळलं होतं."

"देन व्हाय ही स्टिल कॉल यू एव्हरी संडे?"

ताई, घर म्हटलं की आता मला गल्ली, ओटा असलं काही आठवत नाही. माझं खोटं ज्याने स्वतःच्या ओठावर घेतलं तो माणूस तिथे आहे, म्हणून ते घर. जूनची तिकिटं काढली आहेत, इराही येतेय. तू नानांपाशी या पत्राबद्दल बोलू नकोस. माझं मला सांगू दे.