भाऊबिजेच्या दिवशी अजगराने काय धरले

"दाजींच्या अजगरानं माझा गळाच धरला व्हता. मी डाव्या हातानं त्याचा जबडा फाकवला, उजव्या हातानं ताईला मागं ढकललं, आन् जनावर उचलून कोपऱ्यात भिरकावलं. दाजी? दाजी शेपटी धरून नुसते उभे!"

हे निवेदन माझ्या धाकट्या मेहुण्याचे आहे. लासलगावच्या बाजार समितीत, लिलाव सुरू होण्याआधी ट्रॅक्टरच्या रांगेजवळ, ते सांगितले गेले आहे. लग्नाच्या पंगतीत आणि एका वास्तुशांतीलाही सांगितले गेले आहे. आणि प्रत्येक वेळी अजगराची लांबी थोडी वाढली आहे. त्यातली एक गोष्ट खरी आहे. मी शेपटी धरून उभा होतो. मात्र मी तिथे का उभा होतो आणि मेहुणा त्या क्षणी नेमका कुठे होता, हे सांगणारा आजवर कोणी भेटला नाही म्हणून मला लेखणी हातात घ्यावी लागत आहे.

मी माध्यमिक शाळेत व्यायामशिक्षक होतो आणि जत्रांच्या आखाड्यांत कुस्तीचा पंच. कोणी कोणाला धरले आणि कोणाची पाठ टेकली, एवढेच पाहण्यात माझे आयुष्य गेले. याच मेहुण्याची तरुणपणची एक कुस्ती मी निकाली दिली होती. तिच्यात त्याची पाठ टेकली होती. तो अजूनही नाही म्हणतो. तेव्हा त्याची साक्ष वाचकांनी त्या मापाने घ्यावी.

आता अजगराविषयी. आपल्या रानातला अजगर घरात ठेवणे हा गुन्हा आहे आणि तो तसाच असला पाहिजे. आमच्याकडचा परदेशी जातीचा आहे, रीतसर नोंदणी केलेला, अंगावर पिवळ्या-काळ्या नक्षीचा, पसरून ठेवलेल्या सतरंजीसारखा. तो माझ्या मुलीचा. ती नोकरीसाठी परदेशी गेली तेव्हा "बाबा, सहाच महिने" असे म्हणून इंदिरानगरच्या आमच्या घरात त्याची काचेची भलीमोठी पेटी ठेवून गेली. सहा महिने केव्हाच उलटले. माझी पत्नी त्याला पहिल्या दिवसापासून 'पाहुणे' म्हणते. "पाहुण्यांचं पाणी बदललंत का?" हा आमच्या सकाळचा पहिला प्रश्न असतो, माझ्या चहाचा दुसरा.

लोक मला विचारतात, तो प्रेम करतो का? मी सांगतो, नाही. तो ओळखतो का? थोडेसे. मग तुम्ही त्याला ठेवता कशाला? या प्रश्नाचे उत्तर मी देत नाही, कारण तो विचारणाऱ्यांच्या घरी मी टीव्ही पाहिलेला आहे. परंतु त्याचा स्वभाव मला कळतो, असे मी छाती पुढे काढून सांगतो. अजगर रागीट नसतो आणि प्रेमळही नसतो. तो सरळ असतो. त्याच्या जगात दोनच गोष्टी असतात, खाण्याची आणि न खाण्याची, आणि आपण त्यांतल्या दुसऱ्या गोष्टीत मोडतो हे त्याला दर वेळी नव्याने, स्पष्टपणे कळवणे ही आपली जबाबदारी असते. त्यासाठी मुलीने एक वाकडी सळई दिली आहे. पेटी उघडली की आधी त्या आकडीने त्याच्या अंगाला हलकेच स्पर्श करायचा. आकडी लागली म्हणजे आज बाहेर फिरणे. आकडी नाही आणि लांब चिमटा दिसला म्हणजे आज जेवण. आठवडाभरात त्याला हे समजले. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांना शिट्टीचा अर्थ समजायला वर्ष लागले होते.

त्याच्या वरच्या आणि खालच्या ओठांवर बारीक खळगे आहेत. त्यांनी त्याला ऊब दिसते. दिसते हाच शब्द योग्य आहे. अंधारात उंदराचे अंग त्याला जसे दिसते तसे तुम्हाला-मला दिवसाही दिसणार नाही. म्हणून त्याच्या तोंडासमोर हात नाचवायचा नाही. डोळे दुधाळ झाले की कात टाकण्याची वेळ आली असे समजून त्याला हात लावायचा नाही. जेवल्यानंतर काही दिवस उचलायचे नाही. मान नागमोडी आखडून तो स्थिर झाला तर आपणही स्थिर व्हायचे. डोके कधी पकडायचे नाही, अंगाला खालून आधार द्यायचा, आणि काही झाले तरी गळ्यात घालायचा नाही. वेटोळे सोडवण्याची वेळ आली तर शेपटीकडून सोडवत यायचे, कारण त्याची सारी ताकद मधल्या अंगात असते आणि शेपूट सर्वांत आधी हार मानते. आखाड्यातही मी हेच शिकवत असे: पकड मध्ये तोडायला जाऊ नका, टोक शोधा.

आणि सर्वांत मोठा नियम: एवढे जनावर एकट्याने हाताळायचे नाही. दोन माणसे हवीत. एक पुढे, एक शेपटीकडे. आमच्या घरात माणसेच दोन आहेत. त्यामुळे ज्या पत्नीने पहिला आठवडा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले नव्हते, ती दुसऱ्या आठवड्यात पदर खोचून पुढे आली.

"मी शेपूट धरीन. तोंडाकडचं तुम्ही बघा. तोंडाशी वाद घालायची सवय तुम्हालाच आहे."

तेव्हापासून, जेवणानंतरचे आणि कातीचे दिवस सोडून, रोज सकाळी कोवळ्या उन्हात आम्ही दोघे त्याला गच्चीवर नेतो. तो आमच्या दोघांच्या हातांवरून वाहत असतो. तिच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून तिच्याकडे. लग्नानंतर इतकी वर्षे आम्ही एकमेकांशी न भांडता एवढा वेळ उभे राहिलेलो नव्हतो. समोरच्या घरातल्या बाई पहिल्यांदा किंचाळल्या होत्या. आता त्या वाळवणाला गच्चीवर आल्या की विचारतात, "पाहुणे आज उशिरा उठले का?" शेजारधर्म म्हणतात तो हाच.

एकाच बाबतीत आमचे जमले नाही. बर्फात गोठवलेले उंदीर वेगळ्या लहान फ्रीजमध्ये, मागच्या पडवीत असतात. ते कोमट पाण्यात सोडून, पुसून, चिमट्याने देण्याचे काम माझे. पत्नीची त्याला हरकत नाही, फक्त सणासुदीला ते करायचे नाही अशी तिची आज्ञा आहे. त्या वर्षी त्याच्या जेवणाचा दिवस नेमका दिवाळीत आला.

"अहो, लक्ष्मीपूजनाच्या घरात उंदीर गरम करणार तुम्ही?"

"पाहुण्यांना दिवाळी कळत नाही."

"मला कळते ना! भाऊबीज झाली की द्या."

मी माघार घेतली. म्हणून भाऊबिजेच्या दिवशी तो भुकेला होता. हा पहिला मुद्दा वाचकांनी बाजूला काढून ठेवावा.

मेहुणा सकाळी यायचा, तो आला दिवे लागताना. तिन्हीसांज ही त्याची, म्हणजे अजगराची, शिकारीची वेळ. हा दुसरा मुद्दा. चप्पल काढता काढताच मेहुण्याने पेटीकडे पाहिले आणि त्याचे डोळे चमकले.

"दाजी, लय भारी जनावर हे! काढा बाहेर. गळ्यात टाकून फोटो काढू. ताई ओवाळती आन् गळ्यात अजगर. समद्या मार्केटला स्टेटस दाखवतो."

"गळ्यात नाही," मी म्हणालो.

"का? भीती वाटती व्हय?"

"तुझ्या गळ्याची नाही वाटत. त्याच्या पाठीची वाटते."

पत्नी मध्ये पडली. वर्षातून एकदा भाऊ येतो, त्याचे एवढे मन मोडू नका, गळ्यात नको तर हातावर द्या. मी आकडी लावून त्याला बाहेर काढला. मेहुणा पाटावर बसला. पुढचे अंग त्याच्या दोन्ही हातांवर आणि मागचे माझ्याकडे. नियमाप्रमाणे एक माणूस शेपटीकडे असतो. मी शेपटी धरून का उभा होतो, त्याचे उत्तर हे आहे. मेहुण्याने मोबाइल टीव्हीच्या टेबलावर, फराळाच्या डब्याला टेकवून, आपोआप फोटो निघेल असा लावला.

तेवढ्यात पत्नी स्वयंपाकघरातून ताट घेऊन आली. सुपारी, अक्षता, कुंकू, आणि पेटलेले निरांजन.

निरांजनाचा धोका मला आधी सुचला नव्हता, असे मेहुणा सांगतो. धादांत खोटे आहे. मी तत्क्षणी म्हणालो, "ते विझव. नुसत्या ताटाने ओवाळ."

पत्नीचा चेहरा उतरला. "विझल्या दिव्यानं भावाला ओवाळू? जिभेला हाड आहे का तुमच्या?"

"मग आधी याला पेटीत ठेवू दे."

"एकच फोटू, दाजी! हात भरून आलेत माझे, लवकर ओवाळ ताई."

आणि तिने ओवाळले. एक भुकेला अजगर, तिन्हीसांज, आणि त्याच्या तोंडासमोर वीतभर अंतरावरून, सावकाश, डावीकडून उजवीकडे जाणारी उबदार ज्योत. त्याच्या ओठांना या घरात असे काही कधी दिसले नव्हते. पहिल्या फेरीला त्याने मान वळवून ज्योतीमागे नेली. मेहुणा खूश झाला. "बघा, बघा, नमस्कार करतो!" दुसऱ्या फेरीला त्याची मान नागमोडी आखडली. मी "थांब!" म्हणालो. तिसऱ्या फेरीला तो सुटला.

आवाज झाला तो ताटाचा. निरांजन पाटापुढे पडले, विझले, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच अजगर त्या निरांजनाभोवती वेटोळी घालून बसला. उंदराला घालतो तशीच, घट्ट आणि मन लावून. मी पुढे सरकलो आणि मेहुण्याला म्हणालो, "हात खाली सोड." हात सोडण्यासाठी मेहुणा तिथे नव्हता. तो दिवाणावर उभा होता, पाय गोळा करून, हातात उशी. मोबाइलने फोटो काढला होता. पण तो डब्यावरून घसरून आडवा पडल्यामुळे त्यात फक्त छताचा पंखा आला आहे.

"ताई, लांब हो! पोलिसाला बोलवा! अग्निशामकला बोलवा!"

"गप रे!" पत्नी म्हणाली, आणि कुंकवाने माखलेल्या हातांनी खाली बसून तिने शेपूट धरले. तिने टोकाकडून एक एक वेढा उलगडला, मी मधल्या अंगाला आधार दिला. न ओढता, न घाई करता. निरांजन बाहेर आले तसा तो आमच्या हातांवर सैल झाला, जीभ बाहेर काढून इकडे तिकडे पाहू लागला, जणू जेवणाचे ताट कुणीतरी मध्येच उचलून नेले आहे. तो मला चावला नाही, तिला चावला नाही. पेटीत ठेवण्याआधी आम्ही दोघांनी दिव्याखाली त्याचे तोंड पाहिले. मग दिवाणावरच्या पाहुण्याला खाली उतरवले आणि निरांजन पुन्हा पेटवून त्याची भाऊबीज पुरी केली. तेव्हा त्याची नजर पेटीवरून हलत नव्हती, आणि ओवाळणी त्याने ताटाबाहेर टाकली.

एवढे झाले. यात कोणाचा गळा आहे? कोणता जबडा फाकवला?

पण मेहुण्याचे निवेदन लासलगावहून माझ्या मुलीपर्यंत पोचले, आणि ते माझ्या निवेदनाआधी पोचले. तिचा फोन आला तेव्हा आवाज रडवेला होता.

"बाबा, तो माणसावर गेला असेल तर मी त्याला तुमच्याकडे ठेवू शकत नाही. तुम्ही दोघं सत्तरीच्या पुढचे. साप सांभाळणाऱ्या एकांकडे मोठी सोय आहे, ते न्यायला येतील."

मी सांगितले, तो माणसावर गेला नाही. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कधी हरला आहात असं तुम्ही आजवर सांगितलं आहे का?" या प्रश्नावर मी फोन पत्नीकडे दिला. पत्नी म्हणाली, "मला दिसलं नाही नीट, ताट पडलं ना." तिने खोटे सांगितले नाही, भावाला खोटे पाडले नाही, एवढेच. त्या संध्याकाळी मी तिच्याशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी गच्चीवर मात्र दोघे गेलो, कारण नियम दोन माणसांचा आहे. ऊन अंगावर घेत तो तिच्या मनगटावरून माझ्याकडे येत होता. तिने हळूच विचारले, "नेणारे कधी येतात?"

मी म्हणालो, "रविवारी."

शेपटी तिने नेहमीपेक्षा उशिरा सोडली.

रविवारी मेहुणा आला. तो साक्षीला आला होता असे त्याचे म्हणणे; शंकरपाळ्यांना आला होता असे माझे. मुलगी मोबाइलच्या पडद्यावर होती. न्यायला येणारे दुपारी यायचे होते. मेहुण्याने सारे निवेदन पुन्हा केले, उभे राहून, दोन्ही हातांनी. मुलीने शांतपणे ऐकले आणि मग विचारले, "मामा, गळ्यावर दातांची खूण कुठे आहे?"

"खूण? चावायच्या आधीच मी—"

"तो तोंड मारतो तेव्हा काहीतरी धरतोच, मामा. त्याचे दात मागे वळलेले असतात. धरलेलं त्याला स्वतःला पटकन सोडवत नाही. तुम्हाला धरलं नसेल तर त्याने काय धरलं?"

मेहुण्याने शंकरपाळे तोंडात टाकले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात पत्नी उठली. देवघराच्या कोपऱ्यात दिवाळीच्या निर्माल्याची पिशवी होती. ती अजून गोदावरीवर न्यायची राहिली होती. सणाचे काही केरात टाकायचे नाही, हा तिचा नियम. तिने पिशवीतून कागदाची एक पुडी काढली, भावाकडे एकदा पाहिले, आणि ती मोबाइलसमोर उलगडली.

भाऊबिजेच्या संध्याकाळी मी अजगराच्या मागे वळलेल्या दातांतून जी सोडवली होती आणि तिच्या तळहातावर ठेवली होती, ती तिनेच वळलेली, तुपात भिजलेली, टोकाला जळलेली फुलवात.