काचेवरचा ठसा

त्या झोतात थर्मामीटर धरला तर वितळून जायचा, म्हणून आम्ही तापमान लांबून, प्रकाशावरून मोजायचो. आवाजापेक्षा जोरात धावणारी तापलेली हवा, नळीच्या बाजूला क्वार्ट्‌झची गोल काच आणि काचेबाहेर माझा कॅमेरा. औरंगाबादच्या कॉलेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे चालायचं. पीएचडीचं आठवं वर्ष होतं. मला त्या शेडचा, त्या कान किटवणाऱ्या आवाजाचा आणि स्वतःचाही कंटाळा आला होता.

काचेला उघड्या हातानं शिवायचं नाही, हा पहिला नियम. बोटाचा घाम राहिला आणि काच तापली, की ठसा तिच्यात भाजून बसतो, घासून जात नाही. आमचे शिपाई, पिशोरचे मामा, सोवळं पाळावं तसा हा नियम पाळायचे. सुती हातमोजे घातल्याशिवाय काचेच्या पेटीचं झाकणही उघडायचे नाहीत.

खंडेनवमीला यंत्राची पूजा झाली. मामांनी हळद-कुंकू लोखंडी पायाला लावलं, नारळ बाहेर फोडला. आम्ही सगळ्यांनी नमस्कार केला आणि प्रसाद घेऊन घरी गेलो.

दसऱ्यानंतर दुसऱ्याच चाचणीत आकडे बिघडले. काच काढली तर ऐन मध्यावर पांढरा डाग, बोटाएवढा. नवी काच परदेशातून यायची, म्हणजे वर्ष गेलंच. माझं डोकं फिरलं.

"मामा, कुंकू लावायला काचच सापडली का तुम्हाला?" मी सगळ्यांदेखत ओरडलो.

मामांनी काच उजेडात धरून बराच वेळ निरखली. मग माझ्या हाताकडं बघितलं.

"व्हय सर. माझ्याकडनंच झालं असंल."

मी लेखी तक्रार केली. त्यांना ग्रंथालयात पाठवलं आणि निवृत्त होईपर्यंत ते तिथंच मासिकांचे गठ्ठे बांधत राहिले. येता-जाता दिसायचे. मी मान फिरवायचो.

माझी पीएचडी रखडत का होईना, झाली. पुढं शेड पाडायची ठरली तेव्हा कपाट आवरताना ती काच हाती लागली. सहज भिंग लावलं. ठशातून एक तिरपी रेघ गेली होती. लहानपणी कन्नडला ऊस तोडताना कोयता लागला होता, तेव्हापासून माझ्या उजव्या अंगठ्यावर तशीच रेघ आहे. यंत्राला हात लावून तो कपाळाला लावायची आमची घरची रीत. त्या दिवशी मी कुठं हात लावला होता, ते मला आठवतसुद्धा नव्हतं.

पुढच्या रविवारी पिशोरची एसटी धरली. मामा ओट्यावर बसले होते. मी काच त्यांच्यापुढं ठेवली.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?"

"तुमचा अंगठा काय नवा व्हता का मला? रोज बघत व्हतो."

"मग बोलला का नाही?"

मामांनी काच हातात घेतली, धोतराच्या सोग्यात धरून, उघडा हात न लावता.

"तुम्ही लई थकले व्हते, सर," ते म्हणाले.